पावसाआधीचे पुरुमेंत: ऑनलाइन कामाविषयी कामगार आयुक्त आणि पंचायतींना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त, कामगार आणि रोजगार खाते, श्रमशक्ती भवन, पाटो, पणजी
तसेच राज्यातील १९१ ग्रामपंचायतींचे सरपंच आणि सचिव

सप्रेम नमस्कार.

गोव्यात मासेमारीबंदी १ जूनला लागते. सुकी मासळी, मिरची, सोलां (आमसुले), तांदूळ त्याआधी घरात यावे लागतात. पाऊस धरल्यावर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करायला कोणी बाहेर पडत नाही, कारण तेव्हा उशीर झालेला असतो. ऑनलाइन उक्त्या कामाचेही, म्हणजे नोकरी नसताना इंटरनेटवरून कामागणिक पैसे घेऊन केलेल्या कामाचेही, तसेच आहे. पुढची साथ, पुढची टाळेबंदी किंवा पुन्हा एखादा बुडालेला हंगाम येईल तेव्हा हे काम घराला आधार देऊ शकते. मात्र त्याची बेगमी आधी केलेली असली तरच.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. खाणी त्याआधीच, मार्च २०१८ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या होत्या. आता शॅक (किनाऱ्यावरची खानावळी), हॉटेले, टॅक्सी सारे एकदम बंद झाले. ज्यांच्याकडे नोकरीचा कागद होता त्यांना काही दारे उघडी होती. भविष्य निर्वाह निधीतून ७५ टक्क्यांपर्यंत किंवा तीन महिन्यांच्या पगाराइतकी, यातली जी कमी असेल ती रक्कम परत न करण्याच्या अटीवर काढता येत होती. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलता येत होते, व्याज मात्र चढत राहिले. जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये मिळाले. ज्याच्याकडे यातला एकही कागद नव्हता तो मोबाईलवर ‘घरबसल्या काम’ शोधू लागला. असे शोधणारे जगभर होते, आणि काम देणारे त्याच वेळी हात आखडत होते. ऑनलाइन कामांची मोजदाद करणारा ऑक्सफर्डचा निर्देशांक त्या मार्च-एप्रिलमध्ये घसरला आणि पुढच्या काही महिन्यांत सावरला. म्हणजे नेमक्या गरजेच्या आठवड्यांत दर पडलेले होते आणि रांग लांब होती. त्या रांगेत काम मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर (प्लॅटफॉर्मवर) आधीपासून खाते, रेटिंग आणि जुने ग्राहक असलेला माणूस पुढे होता. नवा माणूस पहिला रुपया हातात येईपर्यंत दीड-दोन महिने ताटकळतो, हे साध्या हिशेबानेच दिसते.

तो हिशेब असा. खाते उघडून ओळख पडताळायला चार दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत लागतात. पहिले काम मिळेपर्यंत पंधरा-वीस अर्ज करावे लागतात, त्यात दोन-तीन आठवडे जातात. काम पुरे झाल्यावर फायवरसारख्या प्लॅटफॉर्मवर नव्या विक्रेत्याचे पैसे १४ दिवस अडकून राहतात. त्यानंतर बँकेत यायला आणखी दोन ते पाच दिवस. प्रत्येक टप्प्यावर एक कागद चुकला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

पैशांचे गणितही उघड मांडतो, कारण मेळाव्यांतून ‘महिन्याला तीस हजार’ अशी भाषा होते. समजा, ध्वनिफितीचे लेखन (ऐकून टाइप करणे) करायचे आहे आणि दर मिनिटाला ३० सेंट आहे. एका तासाच्या फितीचे १८ डॉलर. प्लॅटफॉर्मची २० टक्के कात्री (फायवरची तेवढीच आहे, अपवर्कची २०२० मध्ये एका ग्राहकाकडच्या पहिल्या ५०० डॉलरवर तेवढीच होती) लागली की १४ डॉलर ४० सेंट. चलन बदलताना साधारण ३ टक्के आणखी. तेव्हाच्या ७५ रुपयांच्या दराने हातात सुमारे १,०५० रुपये. सरावलेल्या हाताला तासाभराची फीत लिहायला पाच तास लागतात, म्हणजे तासाला २१० रुपये. नवशिक्याला आठ तास, म्हणजे १३०. फीत नाकारली गेली तर शून्य. अर्ज करण्यात गेलेले तास यात धरलेलेच नाहीत. हे वाईट पैसे आहेत असे आमचे म्हणणे नाही. हॉटेलच बंद असेल तर १३० रुपये तास चांगलाच. पण माणसाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करावी, मेळाव्यातला नव्हे.

आता गोव्यात ही गाडी कुठे अडते ते सांगतो.

पहिली अडचण नावाची. प्लॅटफॉर्म पॅन, बँक खाते आणि पत्त्याचा पुरावा यांवरचे नाव अक्षरागणिक जुळवतो. आपल्याकडे एकाच घरात Naik आणि Naique अशी दोन स्पेलिंगे सापडतात. लग्नानंतर आधारवर नाव बदलते, पॅनवर माहेरचेच राहते. वडिलांचे नाव मधे कुठे आहे, कुठे नाही. पडताळणी करणारी यंत्रणा परदेशी, तिला हे कळण्याचे कारण नाही. तीनदा नाकारले की खाते कायमचे बंद होऊ शकते, आणि त्याच पॅनवर दुसरे उघडता येत नाही. पत्त्याचे तर विचारूच नका. विजेचे बिल आजोबांच्या नावावर, कारण मालमत्तेची वाटणी झालेली नाही. मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घरात जमिनीचा कागद भाटकाराकडे (जमीनमालकाकडे). यावर सोपा तोडगा आहे: बँकेचे गेल्या तीन महिन्यांतले, पत्ता छापलेले स्टेटमेंट पीडीएफमध्ये द्यावे. ते बहुतेक ठिकाणी चालते. त्यासाठी बँकेतला पत्ता आधारशी जुळवून घ्यावा लागतो, आणि हे काम एका सकाळी होणारे आहे, फक्त साथ येण्याआधीच्या सकाळी.

दुसरी बँकेची. गावात अनेकांचे एकमेव खाते पतसंस्थेत किंवा छोट्या सहकारी बँकेत असते. परकीय चलनाचा परवाना नसलेल्या बँकेत डॉलर थेट उतरत नाहीत. पैसे परत जातात आणि परतीचा खर्चही कापला जातो. तेव्हा मोठ्या बँकेत एक बचत खाते, त्याचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठीचा बँकेचा क्रमांक) आणि पैसे कशाबद्दल आले हे सांगणारा पर्पज कोड या तीन गोष्टींची चिठ्ठी आधीच लिहून ठेवावी. बँकेकडून प्रत्येक रकमेची परकीय आवक पावती मागून घ्यावी. तीच पुढे उत्पन्नाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. पेपाल ही पैसे पाठवण्याची सेवा देशांतर्गत व्यवहारांसाठी १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी चालू आहे. या दोहोंची गल्लत अजून होते.

तिसरी अडचण निव्वळ गोव्याची, आणि गोव्याबाहेरच्या कर सल्लागारालाही ती पुष्कळदा माहीत नसते. पोर्तुगीज नागरी संहितेखाली जोडप्याची मिळकत सामायिक धरली जाते. म्हणून प्राप्तिकर कायदा (१९६१ च्या कायद्यात कलम ५ए) सांगतो की पगार सोडून प्रत्येक सदराखालचे उत्पन्न पती-पत्नीत निम्मे निम्मे वाटावे. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेली जोडपी अर्थातच यातून वगळली जातात. ऑनलाइन कामाची कमाई हा पगार नव्हे, तो व्यवसाय. बायकोने वर्षाला २,४०,००० रुपये कमावले तर तिच्या विवरणपत्रात १,२०,००० दिसायला हवेत आणि नवऱ्याच्या पत्रात १,२०,००० वाढायला हवेत. दोघांनी विवरणपत्रातले शेड्यूल ५ए भरून एकमेकांचा पॅन द्यायचा असतो. ते राहिले तर ग्राहकाने कापलेला कर एकाच्या नावावर आणि उत्पन्न दोघांच्या, असा मेळ बसत नाही आणि नोटीस येते. शिवाय ती कर्जाला गेली की बँक तिचे निम्मेच उत्पन्न पाहते. गृहआधारसारख्या उत्पन्नाची मर्यादा असलेल्या योजनांसाठी मामलेदाराचा दाखला काढताना नेमका कोणता आकडा धरायचा, याचे लेखी उत्तर आपल्या खात्याने महसूल खात्याकडून मिळवून द्यावे. आज मदत जाईल या भीतीने बाया कमाई बँकेत घेतच नाहीत, आणि मग संकटात दाखवायला कागद उरत नाही.

वस्तू आणि सेवा कराची भीती मात्र बहुतेकांना विनाकारण असते. गोव्यात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे.

वीज आणि इंटरनेट याबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे पैसा खर्च होतो आणि वाया जातो. लोक इन्व्हर्टर घेतात आणि तरी काम तुटते. कारण तीन ठिकाणी असते. फायबरच्या जोडणीत भिंतीवर एक ओएनटी (फायबरची तार जिथे येते ती छोटी पेटी) असतो आणि त्यापुढे राउटर. पुष्कळ घरांत बॅटरीवर फक्त राउटर लावलेला असतो, ओएनटी साध्या पिनवर. दिवे गेले की राउटरचा दिवा लुकलुकत राहतो आणि तार मेलेली असते. दोन्ही मिळून पंधरा-वीस वॉट खातात, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांना दोन-तीन तास नेतो. दुसरे ठिकाण वाड्यावरच्या खांबावर लटकणारी केबलवाल्याची पेटी. तिला बॅटरी नसेल तर घरचा इन्व्हर्टर कितीही मोठा असला तरी निरुपयोगी. तिसरे झाड. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोणात जूनच्या पहिल्या वाऱ्याला फांदी पडते ती विजेच्या आणि इंटरनेटच्या तारेवर एकदमच, कारण दोन्ही एकाच खांबावर. म्हणून दुसरी वाट मोबाईल डेटाची, आणि तीही पहिल्यापेक्षा वेगळ्या कंपनीची असावी. घराचा हिशेब सांगायचा तर १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत नावापुरते १,८०० वॉट-तास असतात. त्यातले सुमारे १,००० प्रत्यक्षात वापरता येतात. पंखा, लॅपटॉप आणि नेट मिळून १५० वॉट धरले तर साडेसहा तास. अमेरिकेचा ग्राहक असेल तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. म्हणजे गरज नेमकी रात्रीच्या वादळांतली.

आपल्याला विनंती अशी की वीज खात्याच्या नियोजित बंदची सूचना वृत्तपत्राच्या चौकटीऐवजी फीडरनिहाय (वीजवाहिनीनिहाय) एसएमएसने, किमान ४८ तास आधी यावी. आणि पंचायतींनी केबलवाल्याला परवानगी किंवा ना-हरकत देताना पेटीला चार तासांची बॅटरी ही अट घालावी. गोवा ब्रॉडबँड नेटवर्क पंचायतींपर्यंत तार नेण्यासाठीच उभारले होते. तिचा उपयोग फक्त दाखले छापण्यापुरता होऊ नये.

प्रशिक्षणाबद्दल बोलताना थोडे कडू बोलावे लागेल. ठरलेला प्रकार असा: सभागृहात तीस महिला, एक वायफाय, एक प्रशिक्षक, आणि दुपारी चारपर्यंत तीस खाती उघडलेली. याच्या इतके नुकसानकारक काही नाही. एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून), कधी एकाच संगणकावरून, एका तासात तीस खाती उघडली की प्लॅटफॉर्मला ती एकाच माणसाची बनावट खाती वाटतात आणि तो ती गोठवतो. स्वयंसाहाय्य गटाने एक खाते चौघींनी मिळून चालवले तरी तेच होते. बहुतेक प्लॅटफॉर्मच्या नियमात खाते एका माणसाचेच असते. सभागृहात फक्त कागद, फोटो, कामाचे नमुने आणि ओळख करून देणारा मजकूर तयार करावा. खाते प्रत्येकीने आपल्या घरून, आपल्या मोबाईल डेटावर उघडावे. आपली जागा लपवणारे व्हीपीएन वापरू नये. एवढा साधा नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

काय शिकवावे? आमचे मत स्पष्ट आहे: भाषा. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी या चार भाषा कामापुरत्या येणारा माणूस इथे प्रत्येक वाड्यावर आहे, आणि ध्वनीलेखन, अनुवाद, तपासणी, यंत्रांना भाषा शिकवण्यासाठी आवाज नोंदवणे ही कामे वाढत आहेत. गोव्यात कोकणी देवनागरी आणि रोमी अशा दोन लिप्यांत लिहिली जाते, हीसुद्धा इथे जमेची बाजू. पण आपल्याकडचे तरबेज डीटीपी ऑपरेटर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप करतात. ती फाइल परदेशात उघडली की फक्त चौकोन आणि चिन्हे दिसतात, आणि काम नाकारले जाते. त्यांना नवा धंदा शिकवायला नको. युनिकोड (कोणत्याही संगणकावर उघडणारी अक्षरे) आणि त्याचा इनस्क्रिप्ट कळफलक महिनाभर गिरवायला दिला की पुरे. हॉटेल बुकिंग, प्रवासलेखन असली कामे शिकवू नयेत असे नाही, पण ती पर्यटनाबरोबरच बुडतात, त्यामुळे बेगमी म्हणून त्यांचा उपयोग कमी. हाच दोष खाद्यपदार्थ पोचवण्याच्या कामात आणि टॅक्सीतही आहे. मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाड्याने माणसे नेणारे) हे गोव्याचे पहिले उक्ते कामगार म्हणायला हरकत नाही, आणि रस्ता ओस पडला की काय होते ते त्यांना सांगायला नको.

जागेचा प्रश्न निघतो तेव्हा सगळे ‘केंद्र’ बांधायला निघतात. साथीत केंद्रे पहिली बंद होतात. म्हणून गावच्या आणि तालुक्याच्या वाचनालयात सहा-आठ खुर्च्या, तारेचे इंटरनेट आणि इन्व्हर्टर हे साध्या दिवसांसाठी ठेवा. तिथे लोक रेटिंग कमावतील. मात्र तिथले लॅपटॉप पुस्तकांसारखे घरी नेता येतील असे नोंदवून ठेवा. टाळेबंदीत घरचा एकुलता लॅपटॉप मुलाच्या शाळेला जातो आणि आईचे काम थांबते, हे २०२० मध्ये सर्वांनी पाहिले. ८ जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप भाषेच्या कामाला पुरतो. फक्त फोनवर होणारी कामे असतात, पण ती सर्वात कमी दराची.

फसवणुकीबद्दल पंचायतीच्या फलकावर चार-पाच ओळी लिहिल्या तरी खूप झाले. काम देण्याआधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा काम देत नाही. ‘डेटा एंट्रीत अचूकता कमी पडली, आता दंड भरा’ अशी वकिलाच्या नावाची नोटीस आली तर पैसे भरू नका, रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात दाखवा. हॉटेलांना रेटिंग देण्याचे ‘टास्क’ देऊन आधी दोनशे रुपये देतात, मग पैसे गुंतवायला लावतात. आणि आपले बँक खाते कमिशनवर दुसऱ्याला वापरू देणे हा गुन्हा आहे, पहिल्याच तक्रारीत ते खाते गोठते. पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते, दुसऱ्या दिवशी सहसा नाही.

आजाराचा मुद्दा आपल्या खात्याशी थेट निगडित आहे. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना दवाखान्याचा खर्च उचलते, बुडालेली मजुरी नाही. विलगीकरणाच्या १४ दिवसांत काम उशिरा गेले की रेटिंग पडते, आणि पडलेले रेटिंग वर चढायला महिने लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्राने विलगीकरणाचा दाखला इंग्रजीत, तारखांसह, लगेच द्यावा. प्लॅटफॉर्मशी वाद घालताना तो उपयोगी पडतो. कामगाराने ताप आल्या दिवशीच चालू ग्राहकांना कळवून खाते ‘उपलब्ध नाही’वर टाकावे. मुदत उलटल्यावर कळवले तर फारसा उपयोग होत नाही.

कायद्याचे एवढेच. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगाराला प्रथमच नाव दिले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. प्लॅटफॉर्मने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. राजस्थानने २०२३ मध्ये, कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा, कंपनीचा टी-शर्ट घातलेला कामगार आहे. कोपार्ड्यासारख्या गावात बसून कॅनडाच्या ग्राहकासाठी लिहिणारी बाई ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्याचे भारतात कार्यालयही नसेल, तर वर्गणी कोणाकडून घेणार? म्हणून तिच्यासाठी राज्याचीच वेगळी नोंद हवी. पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीत नगरपालिकेच्या दाखल्यावर १०,००० रुपयांचे खेळते भांडवल मिळत होते. त्याच धर्तीवर प्लॅटफॉर्मचे वार्षिक उत्पन्नपत्र आणि बँकेच्या पावत्या जोडून पंचायतीने ‘ऑनलाइन कामगार’ असा दाखला द्यावा, आणि त्यावर अडकलेल्या पैशांपोटी साठ दिवसांची उचल मिळावी. पुढच्या वेळी मदतीची यादी निघेल तेव्हा तिच्यात या कामाला स्वतःची ओळ असावी. ‘इतर’ या रकान्यात कोणाला काही मिळत नाही.

या दाखल्याचा नमुना आम्ही मराठी, कोकणी आणि इंग्रजीत एका पानावर तयार केला आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या ग्रामसभांपूर्वी आपल्या खात्याने तो तपासून परिपत्रकासह पंचायतींना पाठवला तर मे महिन्याच्या आत, पुरुमेंताच्या फेस्ताआधी (बेगमीच्या जत्रेआधी), कागदांची शिबिरे पुरी होतील. पहिली शिबिरे सत्तरी, सांगे आणि काणकोणात घ्यावीत. पेडणे, डिचोली त्यानंतर. तिसवाडी शेवटी घेतली तरी चालेल.

आपले,
गोव्यात ऑनलाइन उक्ते काम करणारे आणि त्यांचे कागद, कर व जोडण्या सांभाळणारे काही जण